चाल बदलली तर आधी मान तपासा: बौद्धिक अक्षमता असलेल्यांची निदानातून निसटणारी दुखणी

डाऊन सिंड्रोम असलेला तिशीतला माणूस. कालपरवापर्यंत दोन जिने आपले आपण चढायचा, आता पहिल्याच पायरीशी फतकल मारून बसतो. हाताला धरून उठवलं की ओरडतो. रात्री एकदोनदा अंथरूण ओलं झालंय. घरचे म्हणतात, हट्टी झालाय. डॉक्टर म्हणतात, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल, डाऊन सिंड्रोममध्ये तो लवकर येतोच. वागणुकीवरचं औषध सुरू होतं. मानेला मात्र कुणी हातही लावलेला नसतो. जिना टाळणं, हात ओढल्यावर ओरडणं आणि लघवीवरचा ताबा सुटणं ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की पहिला संशय मानेतल्या मज्जारज्जूवर घ्यायला हवा. स्मृतिभ्रंश त्याच्या नंतर.

नव्या लक्षणाचं खापर जुन्या निदानावर फोडायची ही सवय डॉक्टरांमध्ये असते, तशी घरच्यांमध्ये आणि सांभाळणाऱ्यांमध्येही असते. मानसिक आजारांच्या बाबतीत ती १९८२ साली प्रयोगातून दाखवून दिली गेली: तोच त्रास वर्णन करून सांगितला, पण सोबत ‘या व्यक्तीला बौद्धिक अक्षमता आहे’ एवढं जोडलं, की तज्ज्ञांना तो त्रास आजार वाटेनासा होतो. शारीरिक आजारांतही हेच घडतं. इंग्लंडमध्ये अशा व्यक्तींच्या अकाली मृत्यूंची जी चौकशी झाली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी गेल्याचं त्यात आढळलं. आजार शोधण्यात आणि उपचार सुरू करण्यात झालेला उशीर हे त्यातलं मोठं कारण होतं. म्हणजे अनेकदा आजार बरा होण्यासारखा होता, तो वेळेत कुणी शोधला नाही.

कण्याचे आजार यात सहज निसटतात. कारण त्यांची सुरुवात दुखण्याने होईलच असं नाही. ती होते चालण्यात, हातांच्या कामात आणि लघवी-शौचात. नेमक्या याच गोष्टींकडे ‘त्याचं असंच असतं’ म्हणून सर्वात आधी दुर्लक्ष होतं.

मानेत नेमकं काय बिघडतं

मानेचा पहिला मणका कड्यासारखा असतो. दुसऱ्या मणक्यातून दातासारखं एक हाड वर निघतं आणि त्या कड्याच्या पुढच्या भागात बसतं. मागून एक आडवा अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, त्याला जागेवर धरून ठेवतो. या अस्थिबंधाच्या लगेच मागे मज्जारज्जू. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो ती मुख्यतः या सांध्यात.

डाऊन सिंड्रोममध्ये शरीरातले सगळेच अस्थिबंध सैल असतात. हा आडवा बंधही सैल असला की मान पुढे वाकवताना कडं आणि दात यांच्यातली फट वाढते आणि मज्जारज्जूची जागा तेवढी कमी होते. एक्स-रेवर ही फट प्रौढांत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत आणि मुलांत ५ मिलिमीटरपर्यंत असली तर ठीक मानतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या १० ते २० जणांमध्ये ती जास्त भरते, पण मज्जारज्जू दाबल्याची लक्षणं दिसतात ती १-२ जणांतच.

या आकड्यांमुळे गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. एकेकाळी खेळांत भाग घेण्यापूर्वी डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाच्या मानेचा एक्स-रे काढण्याचा आग्रह होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८४ मध्ये त्याला दुजोरा दिला आणि १९९५ मध्ये तो मागे घेतला. एक्स-रे नॉर्मल असलेल्या मुलाला पुढे त्रास होऊ शकतो आणि फट मोठी असलेल्याला आयुष्यभर काहीच होत नाही, असं दिसून आलं होतं. तीन वर्षांच्या आत तर हाडं पुरती तयारच झालेली नसतात, त्यामुळे त्या वयातल्या एक्स-रेचा उपयोग नाही. आता भर आहे तो दर भेटीत लक्षणं विचारण्यावर आणि तपासण्यावर. म्हणून ‘लहानपणी एक्स-रे काढला होता, चांगला आला होता’ या वाक्यावर कधीच थांबू नका. तो त्या दिवसापुरता होता.

लक्षणं असतील तर मात्र एक्स-रे लगेच हवा, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा. आधी मान सरळ ठेवून काढायचा. त्यातच फट जास्त दिसली तर मान पुढे-मागे वाकवून पुढचे एक्स-रे काढायचे नाहीत, थेट मणक्याच्या शल्यविशारदाकडे पाठवायचं. सरळ मानेचा एक्स-रे ठीक असेल तरच वाकवलेल्या स्थितीतले, तेही रुग्णाने स्वतः मान जेवढी वाकवली तेवढ्याच. कुणी हाताने डोकं दाबून वाकवायचं नाही.

प्रौढ वयात दुसरी अडचण येते. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या खालच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा बरीच आधी सुरू होते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर झालेला परिणाम. तिच्या ज्या प्रकारात मान आणि हात आपोआप वळत-पिळत राहतात, त्यातही तसंच. वर्षानुवर्षं मान पिळली जाऊन मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, कडेने हाड वाढतं आणि मज्जारज्जूची नळी अरुंद होते. तिशी-चाळिशीतच हातातली ताकद जायला लागते. पाल्सी असलेल्याचे पाय आधीपासून ताठ असतात, त्यामुळे नवा ताठपणा त्यात लपून जातो. ‘पाल्सी वाढली’ असं सांगितलं जातं. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नसते. मोठेपणी चालणं किंवा हातांचं काम झपाट्याने ढासळलं तर त्याचं वेगळं कारण शोधलंच पाहिजे, हे ठामपणे सांगायला हवं.

घरात काय दिसतं

हातांपासून सुरुवात करा. शर्टाची बटणं स्वतः लावणारी व्यक्ती आता वरची दोन सोडून देते. चमचा मुठीत धरते. एका हाताने उचलायचा कप दोन्ही हातांनी उचलते. लिहिता येत असेल तर सहा महिन्यांपूर्वीची वही आणि आजचं पान शेजारी ठेवा. अक्षरं मोठी आणि वाकडी झालेली दिसतील. मोबाइलवर नेहमीचं बटण दाबताना बोट चुकायला लागतं.

मग पाय. पावलं फाकलेली, भिंतीचा आधार, वळताना पाच-सहा छोटी पावलं. एक पाय घासत असेल तर त्या बुटाचा पुढचा भाग दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला असतो. बूट उलटा करून पाहायला अर्धं मिनिट लागतं, पण ते कुणी करत नाही. जिन्यावर चढण्यापेक्षा उतरायला जास्त घाबरणं, अंधारात चालायला नकार, कारण नसताना पडणं हेही त्यातच.

मानेचं स्वतःचं लक्षण बऱ्याचदा नकाराच्या रूपात येतं. केस विंचरू देत नाही, डोक्यावरून टी-शर्ट घालू देत नाही, डोकं एका बाजूला कललेलं राहतं, बसल्या-बसल्या हनुवटीखाली किंवा मानेमागे हाताचा टेकू देतो. बाजूला पाहायचं झालं तर अख्खं धड वळवतो. हे सगळं ‘अंगाला हात लावलेलं आवडत नाही’ या सदरात टाकलं जातं.

लघवी-शौचाचं नीट पाहा. कोरडी राहणारी व्यक्ती ओली व्हायला लागली, किंवा उलट सहा-आठ तास लघवीच नाही आणि ओटीपोट फुगलंय. शौचानंतर पुसताना पूर्वी अंग चोरायची, आता काहीच जाणवत नाही. कंबरेखालच्या नसा दबल्या की मांड्यांमधली ही बधिरता येते. बोलू शकणारा रुग्ण ती शब्दांत सांगतो. न बोलणाऱ्याच्या बाबतीत ती ओळखण्याची जबाबदारी पुसणाऱ्याची आहे.

अचानक आलेली कमजोरी, लघवी अडणं, पडल्यानंतर किंवा एखाद्या शस्त्रक्रियेच्या भुलीनंतर हातपाय ढिले पडणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊ नका. तातडीच्या विभागात न्या. नेताना डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवा, खाकेत हात घालून ओढून उचलू नका. मज्जारज्जूवरचा दाब काढायला उशीर होत जाईल तशी गेलेली ताकद परत येण्याची शक्यता कमी होते.

डॉक्टरांना यासाठी रुग्णाच्या शब्दांची गरज नसते, आणि ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहणं, पाऊल झटकन वर दाबल्यावर ते थडथडत राहतं का पाहणं, तळव्यावर कडेने रेघ ओढल्यावर अंगठा वर उचलला जातो का पाहणं, मधल्या बोटाचं टोक टिचकीने झटकल्यावर अंगठा आत वळतो का पाहणं. पाच मिनिटांचं काम. ‘सहकार्य करत नाही, तपासता आलं नाही’ असा शेरा मारून हे टाळलं गेलं असेल तर रुग्ण शांत असताना, हवं तर तो खुर्चीत बसलेला असतानाच, पुन्हा करायला सांगा.

बाक, खुबा आणि बसण्याची जागा

कण्याला बाजूला बाक येणं म्हणजे स्कोलिओसिस. एक्स-रेवर १० अंशांपेक्षा जास्त बाक असला तर तसं म्हणतात. सेरेब्रल पाल्सी आणि रेट सिंड्रोम, प्रॅडर-विली सिंड्रोम हे दुर्मिळ जनुकीय विकार यांत तो बराच आढळतो आणि ज्यांना स्वतः बसता किंवा उभं राहता येत नाही त्यांच्यात सर्वाधिक. इथला बाक वाढ थांबल्यावरही थांबत नाही. ४० अंशांच्या पुढे गेलेला बाक मोठेपणीही वर्षागणिक वाढत राहतो. शेवटी बरगड्या ओटीपोटाच्या हाडाला टेकतात, पोट दबतं, जेवण वर येतं, फुप्फुसं पुरती फुलत नाहीत. मग वारंवार न्यूमोनिया होतो आणि उपचार फक्त न्यूमोनियावर होत राहतात.

दर तीन महिन्यांनी अंगातला सदरा काढून पाठीमागून पाहा. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, बरगडी आणि कंबरेच्या हाडात दोन्हीकडे सारखी जागा आहे का, एकाच बाजूला कातडीची घडी पडते का. उभं राहता येणाऱ्याला पुढे वाकायला सांगा, पाठीचा एक भाग वर आलेला दिसला तर बाक आहे. बसवावं लागणाऱ्याला दोघांनी मिळून नीट बसवून पाहा, कारण आडव्या स्थितीत बाक लपतो.

बाकाच्या जोडीने बऱ्याचदा खुबाही बिघडत असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांवरच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ३५ टक्के मुलांचा खुबा जागेवरून सरकलेला आढळला. सर्वात हलक्या गटात, म्हणजे सगळीकडे स्वतः चालणाऱ्यांत, एकाचाही नाही. डोकं आणि धड सावरता न येणाऱ्या सर्वात तीव्र गटात ९० टक्के. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेर किती गेला हे एक्स-रेवर टक्क्यांत मोजतात. ३० टक्क्यांच्या पुढे गेला की धोका, आणि त्या टप्प्यावर उपाय सोपे असतात. पूर्ण निखळल्यावर शस्त्रक्रिया मोठी होते.

सुरुवातीला खुबा दुखतच नाही. म्हणून दुखेपर्यंत थांबायचं नसतं, ठरावीक अंतराने ओटीपोटाचा एक्स-रे काढायचा असतो. घरात दिसतं ते असं: डायपर बदलताना मांड्या पूर्वीइतक्या फाकत नाहीत, पाठीवर झोपवून गुडघे दुमडले तर एक गुडघा खाली राहतो, खुर्चीत सगळा भार एकाच कुल्ल्यावर येतो आणि तिथे लाल डाग पडतो. बोटाने दाबूनही हा डाग फिका होत नसेल तर ती जखमेची पहिली पायरी आहे.

व्हीलचेअरचं कापडी आसन वापरून वापरून झोळीसारखं खोल जातं. त्यात कंबर तिरकी बसते आणि वरचा सगळा कणा तिच्यामागे जातो. आधी कंबर सरळ करा, मग धड, मग डोकं. उलटं करून, म्हणजे खांद्याला पट्टे आवळून, कण्याला सरळ धरता येत नाही. पट्ट्यांनी फक्त वेदना वाढते. टणक तळ, त्यावर योग्य उशी, पावलांना पूर्ण टेकू आणि नितंब पार मागे. पाठीचं ब्रेस, म्हणजे धडाभोवती बांधायचा कडक आधार, बसणं सोपं करतं, पण अशा प्रकारचा बाक वाढायचा ते थांबवत नाही. त्यामुळे ब्रेस दिलं म्हणून एक्स-रे काढणं बंद करू नये.

हाडं आतून ठिसूळ होतात

फिटची काही जुनी औषधं, विशेषतः फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन, ड जीवनसत्त्व लवकर खर्ची पाडतात. त्यात पायांवर भार पडत नाही, ऊन मिळत नाही, चावायला-गिळायला अडचण म्हणून आहार तोकडा. डाऊन सिंड्रोम असलेल्या स्त्रियांची पाळीही लवकर जाते. अशा हाडाला मोडायला पडण्याची गरज नसते. पँट चढवताना पाय थोडा पिळला तरी मांडीचं हाड मोडू शकतं. पाय सुजतो, गरम लागतो, हलवला की रडारड होते, आणि जंतुसंसर्ग समजून पाच दिवस गोळ्या दिल्या जातात. न चालणाऱ्या व्यक्तीचा पाय अचानक सुजला तर रक्ताची गुठळी तपासताना सोबत एक्स-रेही मागा.

मणकेही असे चेपतात. उंची कमी होणं, पाठीला पोक येणं, बसल्यावर पाचच मिनिटांत कुरकुर सुरू होणं ही त्याची चिन्हं. फिटची औषधं वर्षानुवर्षं चालू असतील तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची रक्ततपासणी आणि हाडांची घनता मोजणं विचारून घ्या. खुब्यात वाक किंवा धातूची पट्टी असेल तर घनता मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशीही मोजता येते, त्यामुळे ‘याची मोजता येणार नाही’ हे उत्तर शेवटचं मानू नका. आणि फिटचं औषध मनाने बंद करू नका.

वेदना कशी वाचायची

‘यांना दुखतच नाही’ हा समज चुकीचा आहे आणि त्याने फार नुकसान केलंय. दुखतं, पण ते दाखवण्याची रीत वेगळी असते. कुणी गप्प होतं, कुणी हसतं, कुणी स्वतःच्या डोक्यावर मारून घेतं. न बोलणाऱ्यांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं अशा पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन दहापैकी मोजण्याची पद्धत आहे. तिच्या सुधारित रूपात पालकांना त्या व्यक्तीच्या खास खुणा लिहिता येतात, तेच जास्त उपयोगी. एका कागदावर दोन रकाने करा. ‘बरा असताना असा दिसतो, असा आवाज काढतो, असा झोपतो’ आणि ‘दुखत असताना असा’. हा कागद फाइलमध्ये सर्वात वर ठेवा.

वागणूक बदलली की मणक्याबरोबर आणखी काही जागा झटपट पाहून घ्याव्यात. कानावर मारत असेल तर कान आणि दाढा. जेवणानंतर मान पिळून पाठ ताणत असेल तर पोटातलं आम्ल वर येणं. पातळ शौच सतत गळत असेल तर ते जुलाब नसून वर साचलेल्या घट्ट मळाच्या कडेने झिरपत असू शकतं, अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध घातक ठरतं. डाऊन सिंड्रोममध्ये मंदावलेपण आलं तर थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, ऐकू येणं आणि मोतीबिंदू तपासल्याशिवाय स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये.

आधीची नोंद आणि डॉक्टरांची भेट

या सगळ्यात तुलना करायची ती त्याच व्यक्तीच्या आधीच्या स्थितीशी. शेजारच्या मुलाशी नाही आणि पुस्तकातल्या सरासरीशीही नाही. म्हणून ती व्यक्ती ठणठणीत असताना नोंद करून ठेवा. सहा महिन्यांनी एकदा मोबाइलवर चालण्याचं एक मिनिटाचं चित्रण, समोरून आणि बाजूने, शक्यतो त्याच जागी आणि त्याच बुटांत. एक बटण लावतानाचं, एक जिना उतरतानाचं. वजन, बसल्या उंची, शौच किती दिवसांनी. चित्रणाच्या नावात तारीख घाला, नाहीतर नंतर शोधताना हाल होतात.

डॉक्टरांपुढे ‘हल्ली नीट चालत नाही’ असं सांगितलं की ते हवेत विरतं. ‘मार्चमध्ये २० पायऱ्या आधाराशिवाय चढायचा, आता ४ चढून बसतो, आणि दोन आठवड्यांपासून रात्री ओला होतो’ हे कागदावर उतरतं. उत्तर ‘हे यात असायचंच’ असं आलं तर शांतपणे विचारा: हीच तक्रार घेऊन बौद्धिक अक्षमता नसलेला माणूस आला असता तर तुम्ही कोणती तपासणी लिहून दिली असती?

ती तपासणी बहुधा एमआरआय असते, आणि तिथे गाडी अडते. आवाज मोठा, जागा अरुंद, २० ते ४० मिनिटं हलायचं नाही. आठवडाभर आधी यंत्राच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण आधी हळू, मग मोठ्याने ऐकवलं, टेबलाखाली किंवा खोक्यात पडून राहण्याचा सराव केला, कानात बोळे घालायची सवय लावली तर काहींचं भुलीशिवाय निभावतं. भूल लागणारच असेल तर भूलतज्ज्ञांना आधी स्पष्ट सांगा की मानेचा संशय आहे. श्वासनळीत नळी घालताना डोकं मागे टाकतात, तोच क्षण सैल मानेला धोक्याचा असतो. हे माहीत असलं की ते मान सरळ धरून नळी घालतात. दात तपासताना, केस धुताना मान मागे लोंबकळू न देण्याची काळजीही याच कारणासाठी. भूल द्यायचीच आहे तर त्याच वेळी रक्त, दात, कान आणि राहिलेले एक्स-रे उरकून घेता येतील का, तेही विचारा.

अहवाल नॉर्मल आला आणि चाल बिघडतच राहिली, तर कोणत्या भागाचा एमआरआय झाला ते कागदावर वाचा. पाय लटपटतात म्हणून बहुतेक वेळा कंबरेचाच काढलेला असतो. प्रौढांत मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्यामुळे दाब मानेत किंवा छातीमागे असेल तर कंबरेच्या चित्रात तो दिसणारच नाही. पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र असतील तर मान आणि पाठीचा वरचा भाग यांचा एमआरआय मागा, आणि तो होईपर्यंत व्यायामात मान वाकवणं, कोलांट्या आणि ट्रॅम्पोलिन बंद ठेवा.